सतरा नंबरचं पान

सुनेने नक्षीची भोकं टोचलेला कागद लाकडाच्या तुकड्यावर पालथा ठेवला, दोन्ही कडांना चिमटे लावले आणि खडूच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून हलकेच आपटायला घेतली. पहिला पांढरा ढग उठतो न उठतो तोच मागून आवाज आला.

"कागद पालथा पडलाय!"

"पडला नाही, अब्बा. ठेवलाय."

"ठेवलाय? शुद्धीवर आहेस ना?"

तिचे सासरे, उस्ताद, सुतारकामाच्या कारखान्याच्या दारात उभे होते. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात कपबशी, आणि कप बशीवर टकटक वाजतोय. गेली सहा वर्षं त्यांचा उजवा हात कापायचा. कप कुणी घ्यायला गेलं की ते रागवायचे, म्हणून घरात सगळ्यांनी त्या टकटकीची सवय करून घेतली होती. उस्ताद येताहेत हे त्यांच्याआधी त्यांचा कपच सांगायचा.

"हे सतरा नंबरचं पान आहे," ती म्हणाली. "उलटं पान. फोटोत आहे तसं."

उस्तादांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. चहाचा एक घोट घेतला, चहाच वाईट झाल्यासारखं तोंड केलं आणि आल्या पावली परत गेले.

फोटो मशिदीतल्या मिंबराचा होता. मिंबर म्हणजे ज्याच्या पायऱ्या चढून इमाम लोकांशी बोलतात ते लाकडी व्यासपीठ. छप्पन्न वर्षांपूर्वी उस्तादांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या उस्तादांनी, ते केलं होतं. डाव्या बाजूला मधोमध बारा टोकांची चांदणी, तिच्याभोवती पतंगाच्या आकाराचे चोवीस तुकडे, त्यांच्यामध्ये पट्ट्यांची जाळी. सगळं अक्रोडाचं लाकूड, खाचेत खाच अडकवून बसवलेलं. खिळा नाही, सरसाचा थेंब नाही; हवा दमट झाली की लाकूड फुगणार, कोरडी झाली की आकसणार, त्याला हलायला जागा हवी. प्रत्येक पतंगावर वेलीचं एकेक पान कोरलेलं आणि सगळी पानं उजवीकडे वळलेली. एकच सोडून. खालच्या ओळीत, गुडघ्याच्या उंचीवर, सतरा नंबरचं पान डावीकडे वळलेलं होतं.

आणि त्या एका पानाचा काय लौकिक! लहान मुलांना तिथे नेऊन विचारायचं, सांग बघू, यात वेगळं काय आहे? मुलं गुडघे टेकून शोधायची, सापडलं की बोट फिरवायची. पन्नासएक वर्षं बोटं फिरून ते पान आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. मग कुणीतरी मोठं माणूस सांगायचं, की थोरल्या उस्तादांनी ही चूक मुद्दाम ठेवली. बिनचूक फक्त वरचा एकटा, माणसाच्या कामात एक तरी चूक असावी. हे ऐकून सगळे मान डोलवायचे. उस्ताद मात्र त्या वेळी हमखास चपला शोधायला बाहेर जायचे.

मागच्या वर्षी छत गळलं, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पाणी मिंबराच्या डाव्या बाजूत मुरत राहिलं. वरचे थोडे तुकडे वाचले. खालची ओळ हातात घेतली तर बिस्किटासारखी चुरली. ती बाजू नव्याने करायचं काम या घराकडे आलं, म्हणजे खरं तर सुनेकडे आलं.

ती सुतारघराण्यातली नव्हती. शाळेत भूमिती शिकवायची. लग्न होऊन आली तेव्हा कारखान्यात स्वयंपाकघरातली कपाटं बनत होती. नक्षी कुणाला नको होती; पुसायला सोपं काहीतरी हवं होतं. उस्तादांनी तीस वर्षं कपाटं केली, हात कापायला लागल्यावर तीही मुलाच्या हवाली केली. मग एकदा घर आवरताना सासूबाईंच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली अंथरलेले, टोचलेल्या भोकांचे जुने कागद सुनेला सापडले. तिने ते उजेडासमोर धरले आणि हरखलीच. नुसता कंपास आणि पट्टी घेऊन एका वर्तुळातून बारा टोकं कशी काढायची हे ती मुलांना फळ्यावर शिकवत होती, आणि इथे तेच गणित लाकडात फुलून आलेलं!

"हे मला शिकवा," ती सासऱ्यांना म्हणाली.

"मास्तरीणबाई, लाकूड खडूने कापत नसतं," ते म्हणाले होते.

पण शिकवलं. चार वर्षं शिकवलं. नाव मात्र तेच चिकटलं: मास्तरीण. आता आठवड्यातून दोन दुपारी पाचसहा बाया आणि पुरुष तिच्याकडे शिकायला यायचे, आणि उस्ताद खुर्चीवर बसून सगळ्यांच्या चुका काढायचे. काम अगदी पसंत पडलं तर म्हणायचे, "चालेल." त्यापुढचा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. सून तर त्या "चालेल"साठी एकेक पान तीन तीनदा कोरायची.

उलट्या पानाला दोन दिवस लागले. खडूचे ठिपके फक्त वेल कुठून कुठे जाते ते सांगतात, तिचा बाक हाताने आणायचा असतो. फोटो मोठा करून तिने तासन् तास बघितला होता. तेवीस पानं नेटकी होती, कवायतीला उभी असल्यासारखी. सतराव्याचा बाक निराळाच होता. देठापासून निघून टोकाशी असा काही लाडिक वळला होता, की बघणाऱ्याचं बोट आपोआप त्यावरून फिरावं.

"अब्बा, चुकीचं म्हणून ठेवलेलं पानच सगळ्यांत गोड आहे, बघितलंत का?" तिने एकदा विचारलं होतं.

"फोटोत सगळंच गोड दिसतं," उस्ताद म्हणाले होते.

पान पुरं झालं तशी तिने ते त्यांच्या हातात ठेवलं. उस्तादांनी ते बोटांनी चाचपलं, चष्मा न लावताच, आणि शेजारच्या भुशाच्या टोपलीत टाकून दिलं.

"सरळ कर," ते म्हणाले.

 सुनेने कमरेचा एप्रन सोडला, खुंटीला लावला आणि घरात निघून गेली.

दोन दिवस अबोला. कामापुरतंसुद्धा बोलणं नाही. जेवताना "मीठ द्या" हेसुद्धा सासूबाईंमार्फत. शेवटी सासूबाई वैतागल्या.

"तुमच्या दोघांच्या मध्ये मी काय पोस्टमन आहे का? काय झालंय ते एकदा भांडून टाका. आणि अहो, तुम्ही मोठे आहात ना? मग जा तुम्हीच आधी."

उस्ताद गेले. सून कारखान्यात पट्ट्यांच्या खाचा तासत होती. ते खुर्चीवर बसले, आणि बराच वेळ गुडघ्यावरचा नसलेला भुसा झटकत राहिले.

"ते पान माझं आहे," ते म्हणाले.

"कुठलं?"

"उलटं. मी कोरलंय. बावीस वर्षांचा होतो."

तिने पटाशी खाली ठेवली.

"कागद पालथा पडला. पतंग दोन्हीकडून सारखाच, कड बरोबर जुळते, त्यामुळे कळत नाही. पुरतं कोरून वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी बघितलं, फिरवून बघितलं आणि खिशात टाकलं. एक शब्द नाही, मास्तरीण. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मिंबर पुरं करायचं होतं. वेळ नव्हता, लाकूड संपलेलं, मग काय करणार? तेच बसवलं. आणि कुणीतरी बोट दाखवलं तेव्हा ते वरच्याचं वगैरे बोलले. सगळ्यांना फार आवडलं. दुकानाची अब्रू झाकली त्यांनी."

"आणि तुम्ही?"

"मी काय? दर शुक्रवारी मान खाली घालून नमाज पढायचा आणि उठलं की समोर ते. लोक त्यांचं कौतुक करायचे, आणि मला वाटायचं, आपण बापाला खोटं बोलायला लावलं." ते थांबले. "पाण्याने तेवढं एक चांगलं केलं. घेऊन गेलं. आणि तू तेच परत कोरून आणलंस, तेही इतक्या निगुतीने!"

सुनेला हसावं की रडावं कळेना. सासऱ्यांच्या मनात छप्पन्न वर्षं हा काटा रुतलेला, आणि आपण फोटो मोठा करून करून तोच परत घडवत बसलो होतो. तिचा जीव अगदी कळवळला.

"पण तुमचं लक्ष कुठे होतं त्या दिवशी?" तिने हळूच विचारलं.

उस्तादांनी घराकडे बघितलं. आत सासूबाई कुकरची शिट्टी बसत नाही म्हणून कुकरलाच फैलावर घेत होत्या.

"हिच्या घरून होकार आला होता," ते म्हणाले. "सकाळीच. सांगू नकोस तिला, फार चढून बसेल."

तिने सरळ पान कोरलं. जुन्या लाकडाशी जुळणारा शेवटचा तुकडा त्यात संपला. उस्तादांनी ते पान हातात घेतलं, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "चालेल."

राहता राहिले घड्याळवाले. मशिदीचे विश्वस्त, कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि स्वभावही तसाच, चाकाचा एक दात इकडचा तिकडे झालेला खपायचा नाही. उलटं पान येणार नाही हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"अहो ताई, मुलांनी काय शोधायचं मग? माझ्या नातवाला मी अजून दाखवलेलंसुद्धा नाही!"

"घरात ठरलंय तसं," ती म्हणाली. कारण सांगता येत नव्हतं, आणि खोटं बोलायचं नव्हतं. घड्याळवाले तसेच निघून गेले. तिला फार वाईट वाटलं.

जोडणीच्या दिवशी सकाळी उस्ताद आणि सून मशिदीत गेले. अशी चौकट घरून जोडून आणता येत नाही. जुन्या खांबांमध्येच एकेक तुकडा खाचेत सरकवत वरून खाली यायचं, आणि खालची ओळ भरली की शेवटी तळाची पट्टी ठोकायची. ती बसली की सगळं जिथल्या तिथे घट्ट. उस्ताद स्टुलावर बसून नंबर पुकारत होते, सून तुकडे लावत होती. पंधरा लागला, सोळा लागला. सतराव्याआधी तिने तळाची पोकळी साफ करायला आत हात घातला. कुजलेला भुसा काढता काढता खांबाच्या आतल्या अंगाला काहीतरी लोंबतंय असं हाताला लागलं.

"अब्बा, आत काहीतरी टांगलंय."

"घूस नाही ना?"

"घूस स्वतःला टांगून घेत नाही!"

सुतळीने बांधलेली, मेण लावलेल्या फडक्याची पुरचुंडी होती. ती इतकी कडक झाली होती की उलगडताना करकरली. आत पतंगाच्या आकाराचा अक्रोडाचा एक तुकडा. त्यावर पान. उजवीकडे वळलेलं, अगदी सरळ, नेटकं. कवायतीला उभं असल्यासारखं.

उस्ताद स्टुलावरून उठले होते.

"हा वडिलांचा हात आहे," ते म्हणाले. "दे इकडे."

त्यांनी ते उलटं केलं. मागे सुताराच्या जाड पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. चष्मा कपाळावर होता तरी त्यांनी खिसे चाचपले, आणि मग तुकडा तिच्याच हातात दिला.

"वाच."

"सतरा," तिने वाचलं. "हे सरळ आहे, लागलं तर वापरा. पोराचंच बसवलंय. त्याच्या पानाचा बाक मला जमत नाही."

मशिदीत कुणी नव्हतं. वरचा पंखा फिरत होता.

"परत वाच."

तिने परत वाचलं. 

"परत."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर उस्ताद हळूहळू स्टुलावर बसले.

"म्हणजे लाकूड होतं," ते म्हणाले. "वेळही होता. कोरून तयार होतं त्यांच्याकडे." मग एकदम उसळले. "अरे, पण मग तोंडाने सांगायला काय जीभ झडली असती का? सांगायचं ना! मी समोर उभा होतो ना! लाकडाला सांगितलं, आणि मला सांगितलं नाही!"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. सुनेने ओढणीच्या टोकाने पुसलं, आणि त्यांनी पुसू दिलं. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी नाक ओढलं.

"तुझं ते उलटं पान मी टाकलं होतं ना?"

"टाकलं होतंत तुम्ही." तिने एप्रनच्या खिशात हात घातला. "मी उचललं होतं."

उस्तादांनी पान उजेडात धरलं. आता चष्मा बरोबर नाकावर होता.

"बाक ताठ आलाय," ते म्हणाले. "काटकोन शिकवून शिकवून हात आखडलाय तुझा. कोरणी आण, बारीक गोल तोंडाची."

"अब्बा, हात..."

"मनगट धर माझं. घट्ट नको. नुसतं धर."

तिने पान गुडघ्यांत पकडलं आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. आत काहीतरी थरथरत होतं, आणि त्या थरथरीच्या खाली जुनं जोरकस वळण अजून शाबूत होतं. कोरणी देठाशी टेकली. केसाएवढी ढलपी निघाली, मग दुसरी. टोकाशी आल्यावर उस्तादांनी श्वास रोखला आणि हात असा काही फिरवला, की तिला आपल्या तळव्यांत तो बाक कळला. चार वर्षं शिकूनही फोटोतून जे दिसत नव्हतं ते हातात आलं. ती लक्षात ठेवायचा प्रयत्न करत होती आणि तिला दिसेनासं झालं होतं.

"रडू नकोस, लाकडावर डाग पडतो," उस्ताद म्हणाले. स्वतःच्या गालांचं त्यांना भान नव्हतं.

उलटं पान त्यांनीच खाचेत सरकवलं. अठरा ते चोवीस तिने लावले. तळाची पट्टी बसवायच्या आधी त्यांनी तिला थांबवलं.

"तू केलेलं सरळ पान कुठे आहे? आणि पेन्सिल दे."

ते तिच्याकडे पाठ करून बसले, तुकडा मांडीवर उलटा ठेवला आणि लिहू लागले. बराच वेळ लिहीत होते. मग वडिलांचं पान आणि सुनेचं पान पाठीला पाठ लावून त्याच मेणकापडात गुंडाळलं, सुतळी बांधली आणि पुरचुंडी खांबाच्या आतल्या अंगाला जिथल्या तिथे टांगली.

"ठोक आता पट्टी."

तिने ठोकली. पट्टी बसली आणि सगळी बाजू एकदम घट्ट झाली. आता आतलं काही हवं असेल तर पुन्हा छत गळायला हवं होतं.

घड्याळवाले आले ते नातवाला घेऊनच, आणि आले तेच मुळी फुगून. पण नातू गुडघ्यांवर बसला, त्याने चांदणी बघितली, ओळ बघितली आणि बोट ठेवलं.

"आजोबा, हे उलटं आहे!"

घड्याळवाल्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. ते वाकले, चष्म्यातून बघितलं, नातवाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरोबर ओळखलंस! थोरल्या उस्तादांनी ही चूक मुद्दाम ठेवली होती. हो ना, उस्ताद?"

सुनेने सवयीने दाराकडे बघितलं. पण उस्ताद चपला शोधायला गेले नाहीत.

"हो," ते म्हणाले. "मुद्दामच ठेवली होती त्यांनी. मला आजच कळलं."

परतताना उस्ताद नेहमीपेक्षा हळू चालत होते आणि सून हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून त्यांच्या चालीने चालत होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिला राहवेना.

"अब्बा, माझ्या पानावर काय लिहिलंत?"

"नंबर."

"एवढा वेळ?"

"मग?" उस्ताद पुढे बघत म्हणाले. "हात कापतो ना माझा."